न्हाऊन बघितलेला साबण

“अगो रंजना, धाव गो! रगात जालां!”

मी भाकरीचं पीठ मळत होते. तशीच पिठाच्या हातांनी मागच्या पडवीत धावले. मला वाटलं, काकींनी विळीवर बोट कापून घेतलं. बघते तर काकी धडधाकट उभ्या, हातात साबण ढवळायचं लाकूड, आणि समोरच्या टोपात लालभडक काहीतरी.

“कुठं कापलं?”

“माका खंय कापलां! साबू बघ. पिवळो जावचो तो तांबडो कसो जालो?”

मी टोपात डोकावले आणि मला हसूच फुटलं.

“अहो काकी, हळदीत चुना पडला की काय होतंय? कुंकू! पोराटोरांनाबी ठाऊक हाय. आणि तुमचं हे कॉस्टिक म्हंजे चुन्याचा थोरला भाऊ.”

मी आपली हसतेय आणि काकी मात्र मटकन पायरीवर बसल्या. त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

“माज्या हातान कुंकू जालां गो,” त्या म्हणाल्या. “बरां न्हय ह्यां. व्हाळात ओत जा.”

“ओतते! तुमच्या भावानं घाण्यापाशी उभं राहून काढून घेतलेलं खोबरेल व्हाळात ओतू? व्हाळातल्या बेडकांना आंघोळ घालायची हाय का?” असं म्हणत मी टोप उचलला आणि शेजारच्या लाकडी पेटीत सगळं मिश्रण ओतून मोकळी झाले. काकी नको नको म्हणत राहिल्या, पण उठल्या नाहीत. तेव्हाच माझं हसू जिरलं.

आम्ही चंद्रावतीकाकींचे भाडेकरू. माझा नवरा केरबा इथल्या औद्योगिक इस्टेटीत फिटर आहे. मूळचे आम्ही गडहिंग्लजकडचे, पण डिचोलीत येऊन इतकी वर्षं झाली, की आमची पोरगी आता आजोळी गेली की दुसऱ्याच दिवशी मासे मागते. घर काकींचं आणि मागची पडवी दोघींची. त्या पडवीत काकी साबण करतात आणि मी तोंड चालवते, अशी आमची वाटणी आहे.

काकींचं माहेर केरीला, पार पेडण्याच्या टोकाला, समुद्राकाठी. लग्न होऊन डिचोलीत आल्या ते सगुणकाकांच्या घरी. काका खनिजाचा ट्रक चालवायचे. काकी सांगतात, तेव्हा या रस्त्यावरचं सगळंच तांबडं होतं. झाडं, छपरं, म्हशी आणि माणसंही. काका घरी आले की मानेच्या वळ्यांत माती बसलेली असायची. बाजारच्या साबणाचा फेस तांबडा व्हायचा, पण मान काही उजळायची नाही. शेवटी काकी वैतागल्या आणि म्हणाल्या, आपला हात जगन्नाथ. केरीला त्यांची आई राखेच्या पाण्यात उरलंसुरलं खोबरेल घालून साबण करायची, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. तसाच घाट त्यांनी इथे घातला.

आणि पहिल्याच घाण्याला घोळ झाला. राख घेतली ती अंगणाच्या कोपऱ्यातली, जिथं काजूच्या बिया भाजल्या होत्या तिथली. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात हे इथं रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पण काकींच्या मनात आलं, राख ती राख, तीत कसलं आलंय तेल! काकांनी त्या साबणानं मान खसाखसा घासली आणि ते ट्रक घेऊन गेले. संध्याकाळी शर्ट काढताना कॉलर मानेला चिकटलेली. सगळी मान फोडांनी भरली होती आणि माणूस दिवसभर तसाच ट्रक हाकत होता.

“कसो आसा साबू?” काकींनी रडतरडत विचारलं, तर काका म्हणाले, “बरो आसा. मळ जाता.”

त्या दिवसापासून काकींनी नेम केला. साबण नवा असला की आधी स्वतः त्यानं न्हायचं. अंगभर. दोनचार दिवस वाट बघायची आणि मगच तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. राखेच्या जागी बाजारचं कॉस्टिक आलं, पण नेम तोच राहिला. आणि काकींच्या डोक्यातून काय काय निघालं म्हणून सांगू! नाचणीचं भरड पीठ घातलेला साबण काढला, त्यानं मानेची माती निघाली. टाचांच्या भेगांसाठी कोकमाच्या बियांचं तेल, ज्याला त्या भिरंडेल म्हणतात, ते घालून एक काढला. सुरंगीची फुलं घातली तर वास उडाला आणि फुलं काळी पडून आत किड्यांसारखी दिसायला लागली. माशांच्या कढीत घालतात त्या तिरफळाचा साबण केला तेव्हा स्वतः न्हाऊन बाहेर आल्या आणि काका म्हणाले, “आज बांगड्याची कढी न्हावन इली.” तो साबण पुढे झालाच नाही.

मग खाण बंद पडली. ट्रक विकला, पण विकताना काकांनी त्याच्या मागच्या फाळक्याची एक फळी काढून ठेवली आणि तिची ही पेटी केली, साबण ओतायची. काका गेले त्यालाही आता दोन पावसाळे झाले. काकींनी तेव्हापासून कपाळ मोकळं ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि त्यावर कोणाला बोलू दिलं नाही. साबण मात्र चालू राहिला. नाचणीचा, भिरंडेलाचा, सगळे जुनेच. नवा एकही नाही.

तर हा हळदीचा साबण ऋतिकाचा हट्ट. ऋतिका म्हणजे काकींची सून, गौरेशची बायको, फोंड्याची. औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं आणि संक्रांतीनंतर तिचं पहिलं हळदीकुंकू. बाकीच्या बायका वाणाला प्लास्टिकचे डबे लुटतात. ही म्हणाली, मी आईंच्या हातचा साबण लुटणार, आणि तोही हळदीचा.

काकींनी जन्मात हळदीचा साबण केला नव्हता. काका असताना कॉलर पिवळी होईल म्हणून नाही, आणि काका गेल्यावर हळदच नाही. पण सून नवी, पहिल्यांदा काही मागतेय, म्हणून महिनाभर आधी केला. तर हे असं कुंकू झालं.

संध्याकाळी ऋतिका कामावरून आली, तिनं पेटीवरचा कागद उचलला आणि म्हणाली, “आई, भियेवं नाकात. सुकलो की पिवळो जातलो.”

आणि झालाही हो! दुसऱ्या दिवशी काकींनी तारेनं वड्या कापल्या, खिडकीत सुपावर मांडल्या. आधी लाल, मग विटकरी, मग नारिंगी, आणि संक्रांत आली तशा पिवळ्याधमक. मी येताजाता बघायची आणि काकींना ओरडून सांगायची, “काकी, उतरलं बरं का कुंकू!” त्या हूं म्हणायच्या. वड्या उलटायच्या त्या पण फडक्यानं धरून.

मला वाटलं, संपलं. कसलं संपलं! खरी गोम पुढेच होती. हळदीकुंकू तोंडावर आलं, वड्या तयार, ऋतिकानं बांधायला केळीचा सोप, म्हणजे खोडाचं वाळकं साल, आणून ठेवला आणि काकी म्हणाल्या, “थांब. हो साबू अजून न्हाल्लो नाय.”

म्हणजे आली का पंचाईत! न्हाऊन बघितल्याशिवाय काकी साबण देणार नाहीत. आणि हळद अंगाला लावणार नाहीत.

“त्यात काय, मी न्हाते की,” मी म्हटलं.

“तुजी कात म्हशीची. तुका फोड इले तरी कळूचे नाय.”

मी काही रागावले नाही. खरंच आहे ते. मग मी केरबाला न्हाणीत धाडला. तो बाहेर आला, बनियनचा गळा पिवळा. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघतोय.

“कसा हाय?”

“साबण हाय की. फेस येतोय.”

“अवो, पण अंगाला कसा लागतोय?”

“अंगाला साबणावानी लागतोय,” केरबा म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. पुरुषाला विचारायला गेले, माझंच चुकलं. गौरेशनं तर वास घेऊन वडी परत ठेवली आणि “बरो आसा” म्हणाला. बापाचाच मुलगा.

ऋतिकानं कंपनीतून रंग बदलणारी कागदाची पट्टी आणली. ओल्या साबणावर टेकवली, रंग बघितला आणि म्हणाली, “आई, एकदम चांगला आहे. कॉस्टिक सगळं मुरलंय. कोणालाही द्या.”

काकींनी पट्टी हातात घेऊन नीट बघितली. “तुजी पट्टी खोटी न्हय गो,” त्या म्हणाल्या. “पण पट्टेक काय कातडां नाय. खाज सुटली तर ती काय सांगतली?”

“मग तुम्ही न्हाऊन बघा ना, आई.”

काकींनी पट्टी सुपाच्या कडेला ठेवून दिली.

मी म्हटलं, “काकी, रोज आमटीत हळद घालताय, खाताय. पोटात चालती आणि कातडीवर चालत नाही? तुमची कातडी काय पोटापेक्षा सोवळी?”

“जेवणातली हळद वेगळी, आंगाची वेगळी,” काकी म्हणाल्या. हसल्या जराशा, पण जागच्या हलल्या नाहीत. “नाचणीचो साबू देवया. तो न्हाल्लो आसा. बायलांक आवडता पण तो.”

ऋतिका तिळाचे लाडू वळत होती. तिनं हातातला लाडू परातीत ठेवला.

“आई, नाचणीचा नको मला,” ती म्हणाली. “लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्याकडून उष्टी हळद आली फोंड्याला. ती न्यायला माझी आत्या इथं आली होती, तिला मी विचारलं, ही सासूबाईंनी वाटली का? तर ती म्हणाली, छे, त्या हातपण लावत नाहीत, न्हाणीच्या दारात लांब उभ्या होत्या. माका खूब वायट दिसलां, आई. मला तुमच्या हातची हळद हवी होती. म्हणून मी साबण सांगितला. वाणाचं मला काय पडलंय? बाजारात डबे मिळतात.”

आणि ती डोळे पुसत खोलीत गेली. पाक आळायला लागला तरी आम्हा दोघींना सुचेना. मीच मग उरलेले लाडू वळले, हात भाजून घेतले.

काकी मागच्या पडवीत जाऊन पेटीपाशी बसल्या. काकांच्या ट्रकच्या फळीवर अजून एक पांढरं अक्षर शिल्लक आहे, नंबरातलं की नावातलं, आता कळत नाही. त्यावरून त्या बोट फिरवत होत्या.

“रंजना,” त्यांनी हाक मारली. “पोरीचां मन मोडलां गो मी.”

“मोडलं खरं.”

“तुका दिसता, मी लोकांक भियेतंय?”

“नाही हो. लोकं तुम्हाला भितात.”

“काय सांगू तुका,” काकी म्हणाल्या. “ते गेले तेन्ना मनात इलां, आतां ह्यां सगळां बंद केलां म्हणजे मी तेंची आसय. तितकांच रवलां माज्या हातात. आतां हळद लायली, तर ते माज्यापासून आनी थोडे लांब जातले, अशां दिसता.”

मी त्यांच्याशेजारी बसले. बोट त्या अक्षरावरच ठेवून त्या म्हणाल्या, “ते आसते तर काय म्हणले असते गो?”

“काय म्हणणार? म्हणाले असते, साबू बरो आसा.”

काकी फसकन हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि हसू थांबलं तरी तो तसाच धरून ठेवला.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला तेव्हा वाणाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. पाववाला पोदेर भोंगा वाजवत येऊन गेला, मी पाव घेऊन मागे आले, तर काकींनी न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाखाली, पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ घातलेला. एरवी त्या कोमट पाण्यानं घाईघाईत न्हातात. आज लाकडं सारून पाणी चांगलं कढत केलं होतं. मी सहज सुपाकडे बघितलं. पिवळ्या वड्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं केरबा म्हणतो, पण त्या सकाळी भिजला. पावाची पिशवी हातात घेऊन मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहिले. निर्लज्जासारखी ऐकत होते म्हणा ना! आत तांब्या वाजला, मग थांबला. पाण्याचा आवाजच नाही. मला वाटलं, झालं, बाईंचं मन बदललं. तेवढ्यात हळदीचा वास आला, गरम पाण्यातला, लग्नघरासारखा. तिथे उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा तांब्या वाजायला लागला आणि कितीतरी वेळ वाजत राहिला.

काकी बाहेर आल्या त्या केसांना टॉवेल गुंडाळून. काकांचा जुना टॉवेल. चेहरा तकतकीत, आणि कानाच्या मागे, केसांच्या कडेला हळदीची बारीक रेघ राहून गेलेली. हातात ओली वडी.

“फेस बरो येता,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “खाज नाय, चुरचुर नाय. पण कात जराशी ओढता. फुडल्या वेळा भिरंडेल आनी थोडां घालूक जाय.”

“पुढल्या वेळेला?” मी म्हटलं.

“मग? एका घाण्यान साबू शिकून जाता काय?” काकी फटकन म्हणाल्या, “आनी दोनचार दिस रावूक वेळ नाय. आज माज्या कातीन सांगलां तितकां पुरे.”

आवाज ऐकून ऋतिका स्वयंपाकघराच्या दारात आली. काकींना बघून तिथेच थबकली. तिची नजर त्या कानामागच्या रेघेवर होती.

“उबी कित्याक रवलंस? हांगा ये,” काकी म्हणाल्या.

ती आली. काकींनी ओल्या वडीवर दोन्ही हात चोळले, फेस काढला आणि तो पिवळा फेस सुनेच्या एका गालाला लावला, मग दुसऱ्या गालाला, मग कपाळाला. हळदीच्या वेळी लावतात तसा. घाई केली नाही.

“चुरचुरता?”

ऋतिकानं नाही म्हणून मान हलवली.

“मग रडतंस कित्याक? साबू डोळ्यात गेलो?”

“हां,” ऋतिका म्हणाली आणि सासूच्या गळ्यात पडली. दोघींच्या अंगावर फेस. मी पावाची पिशवी खाली ठेवली आणि पदरानं नाक पुसून घेतलं. मग मोठ्यानं ओरडले, “चला, चला! वाणं बांधायची हायत का अशीच गळ्यात गळे घालून बसायचंय?”

वाणं बांधली. केळीच्या सोपात एकेक वडी, वरून दोरा. काकी दोरा तोडून देत होत्या, ऋतिका गाठ मारत होती, मी चुका काढत होते. फोंड्याहून तिची आत्या यायची होती, तिच्यासाठी ऋतिकानं सगळ्यांत मोठी वडी बाजूला काढली.

चार वाजले तशी मी तयार होऊन पुढच्या अंगणात आले. रांगोळी घातलेली, खुर्च्या मांडलेल्या. आणि तुळशीच्या बाजूच्या दोरीवर, फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असा, काकांचा टॉवेल वाळत होता. मधोमध पिवळा डाग. या घरचे टॉवेल कायम मागच्या दोरीवर असतात. मला वाटलं, ऋतिकानं घाईत टाकला असेल.

काकी दारात उभ्या होत्या. फिकट निळं पातळ, कपाळ नेहमीसारखंच मोकळं. फाटकाशी पहिल्या बायकांची कुजबुज ऐकू येत होती.

“काकी, टॉवेल मागं टाकू का?” मी हळूच विचारलं. “बायका आल्या. डाग दिसतोय.”

“रावूं दी,” काकी म्हणाल्या. “मीच घातलो थंय. हळदीचो डाग तो, उनान जातलो आपसूक.”

आणि त्या बायकांना आत घ्यायला पायऱ्या उतरून गेल्या.